लग्नपत्रिकेवरचं झुरळ

भोपाळला बदली होऊन आलो तेव्हा माझं हिंदी उत्तम आहे अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत एका गुलाबाने घालवली.

पिपलानीतल्या, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरपुढे टीचभर बाग होती आणि तिच्यात आधीच्या बिऱ्हाडाने मागे ठेवलेला एक गावठी गुलाब होता. थंडी सरत आली तशा त्याला कळ्या धरल्या, आणि एका सकाळी पाहतो तर प्रत्येक कळीच्या देठावर मावा. हिरवट, बारीक, एकमेकांना चिकटून बसलेला, जणू देठाच्याच अंगावर काटा आलाय. पलीकडच्या क्वार्टरमधले तिवारीजी ओट्यावर उभे राहून दात घासत होते. मिसेस तिवारींची बाग चांगली होती, म्हणून मी सल्ला मागायला गेलो.

“तिवारीजी,” मी म्हणालो, “हमारे यहाँ मावा आया है. इतना आया है कि समझ में नहीं आता क्या करें.”

तिवारीजींचा ब्रश थांबला. “कितना?”

“बहुत. सब भर गया है. शाम को आके देखिए ना. भाभीजी को भी लाइए.”

संध्याकाळी तिवारीजी आले. भाभीजी आल्या, दोन्ही मुलं आली. भाभीजींच्या हातात घासूनपुसून लखलखीत केलेला स्टीलचा डबा होता आणि एका पुडीत वेलदोडे. खाली हाथ कैसे आते, असं त्या म्हणाल्या. मी उत्साहाने सगळ्यांना गुलाबापाशी नेलं आणि कळ्या दाखवल्या. चौघेही वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग धाकट्याने विचारलं, “मम्मी, मावा कहाँ है?”

मला काही उलगडेना. उलगडा माझ्या बायकोला झाला. तिकडे मावा म्हणजे खवा. तिने पाहुण्यांना घरात बसवलं, चहाचं आधण ठेवलं आणि मला मागच्या दाराने स्कूटरवर सोनागिरीच्या बाजारात पिटाळलं. येताना खवा आणि तयार गुलाबजाम, दोन्ही घेऊन या, आणि तोंडाने काही बोलू नका, एवढंच ती म्हणाली.

स्कूटरला किक मारत होतो तेव्हा मेंदीच्या कुंपणापलीकडून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. फार मोठं हसणं नव्हतं. सायकलच्या चाकातली हवा हळूच सोडावी तसं, लांबवत आलेलं. आणि पाठोपाठ चक्क मराठी शब्द.

“जाऊन या, भाऊ. उद्या सकाळी मी येतो. खरा मावा पाहायला.”

हे नाना वैरागडे.

नाना मूळचे नागपूरचे. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा वडिलांच्या कचेरीबरोबर सगळं घर इकडे आलं, आणि नाना पुढे कारखान्यात लागले. मी पाहिले तेव्हा ते तपासणी विभागात होते. तयार होऊन आलेल्या भागात खोट शोधायची, हे त्यांचं काम. दिवसभर खोट शोधणाऱ्या माणसाने घरी आल्यावर इतकं कमी बोलावं आणि इतकी कमी नावं ठेवावीत, याचं मला नवल वाटायचं. उंच, थोडे वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट. खिशात पेनाशेजारी नेहमी एक लग्नपत्रिका.

ही लग्नपत्रिका हे नानांचं हत्यार होतं. टाउनशिपमध्ये लग्नसराईत पत्रिकांचा पाऊस पडायचा, आणि त्यातल्या जाड, सोनेरी काठाच्या पत्रिका नाना जपून ठेवत. घरात झुरळ निघालं की त्याच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा, खालून पत्रिका सरकवायची आणि ती वरात हळूहळू चालवत कुंपणापलीकडच्या ओढ्याकाठी नेऊन सोडायची. बागेतली अळी उचलायची तर पत्रिकेची कड तिच्या पुढ्यात धरायची आणि ती आपण होऊन चढेपर्यंत थांबायचं. हात म्हणून लावायचा नाही. त्या किड्याला इजा व्हायला नको, इतकी माया नानांच्या पोटात आहे, असं आम्ही सगळे समजत होतो. कितीतरी वधूवरांची नावं अशी अळ्यांच्या पायाखालून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरंच आले. गुलाबापुढे उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि कारखान्यात एखादा भाग पाहावा तसं एकेका कळीकडे पाहिलं.

“काही करू नका,” ते म्हणाले.

“औषध मारू का थोडं?”

“औषध नाही.” हे जरा घाईने आलं. त्यांनी एकदा मागे वळून स्वतःच्या घराच्या खिडकीकडे पाहिलं, आणि मग आवाज पुन्हा नेहमीचा झाला. “फार वाटलं तर सकाळी नळीने पाणी सोडा देठांवर. नाही तर थांबा. मावा आला म्हणजे मावा खाणारे येतातच. काल नाही का आले, डबा घेऊन?”

मी थांबलो. थांबण्यात माझा हातखंडा आहे, असं बायको म्हणते. काही दिवसांनी गुलाबावर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे चिमुकले किडे दिसायला लागले आणि मावा विरळ होत गेला. मी कुंपणापाशी जाऊन सांगितलं तेव्हा नाना पेपरातून मान वर न करता म्हणाले, “इन्स्पेक्शनवाले आले म्हणायचे.”

नानांच्या जगात सगळ्या किड्यांना कारखान्यातल्या जागा वाटून दिलेल्या होत्या. लाल ठिपकेवाले इन्स्पेक्शनला. मुंग्या कॅज्युअल लेबर; त्यांची वाट अडवायची नाही, त्यांची मेस वेगळी काढायची. म्हणून नाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हळदीची रेघ ओढत आणि दूर कुंपणाच्या कोपऱ्यात एका फरशीवर गुळाचा खडा ठेवत. डास म्हणजे पासाशिवाय गेटातून घुसणारे. त्यांच्यासाठी कुठे बादलीभरही पाणी साचू द्यायचं नाही. कुंडीखालच्या बशा दर रविवारी पालथ्या. वांग्यांवर चुलीची राख, टोमॅटोच्या वाफ्याकडेने झेंडू, गव्हाच्या पिंपात कडुलिंबाचा वाळलेला पाला, तांदळात लवंगा. यातलं निम्मंच लागू पडतं, हे ते स्वतःच सांगत. “निम्मं तरी पडतं ना जी. औषधाने तरी कुठं पुरं पडतं?”

कुंपणाजवळचं लिंबाचं एक झाड त्यांनी अळ्यांना देऊन टाकलं होतं. कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या की पत्रिकेवर बसवून त्यांची बदली लिंबावर व्हायची. त्या झाडाला कधी धड पान राहिलं नाही. पण पावसाळा संपता संपता दुपारच्या वेळी, पहिली पाळी सुटल्याचा भोंगा होऊन गेल्यावर सायकलींचा लोंढा ओसरला आणि सगळी टाउनशिप डुलकी काढायला लागली, की त्या ओक्याबोक्या झाडातून काळीपिवळी फुलपाखरं निघायची. ती कुठूनच आली आहेत असं वाटत नसे. उन्हाचाच एखादा तुकडा सुटून हलायला लागावा तसं. मी व्हरांड्यात आरामखुर्चीत पडून अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ते पाहायचो. पलीकडच्या खिडकीत वैरागडेकाकू बसलेल्या असायच्या. लोकर, सुया, मांडीवर अर्धवट स्वेटर. फुलपाखरू खिडकीपाशी आलं की त्यांचे हात थांबायचे. मग बारीकसा खोकला, आणि हात पुन्हा चालू. भोपाळची इतकी वर्षं मागे पडली. पण डोळे मिटले की मला ती दुपारच दिसते, आणि तिच्यात काहीच घडत नसतं.

आणि पाल. पाल ही नानांच्या मते रात्रपाळीची. सगळे झोपल्यावर तिची ड्युटी सुरू होते, छतावरचे किडे ती टिपते, तिला पगार नाही, तिची तक्रार नाही. “तिला हाकलू नका, भाऊ,” त्यांनी बजावलं. मी म्हटलं, छे, पालीचं काय एवढं. मी पालीला घाबरत नाही. फक्त ती ज्या खोलीत असते त्या खोलीत मी नसतो. त्याच सुमारास केव्हातरी, डास फार झालेत असं म्हणून आमच्या हिने बाजारातून मच्छरदाणी आणली. मला डास विशेष जाणवले नव्हते, पण मी वाद घातला नाही.

तिवारीजींना हा सगळा कारभार म्हणजे तमाशा वाटायचा. मावा प्रकरणानंतर त्यांनी माझं नाव ‘मावासाहब’ ठेवलं होतं, तसं नानांच्या घराचं नाव ‘कीड़ों का अनाथालय’. येताजाता ते कुंपणावरून विचारत, “नानाजी, आज कितने भर्ती हुए?” आणि नाना शांतपणे सांगत, “दो. एक को सर्दी है.”

पण नानांची एक गोष्ट चेष्टेची नव्हती. टाउनशिपच्या सॅनिटेशनकडून अधूनमधून दवाईवाले यायचे. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. त्यांची सायकल ब्लॉकच्या वळणावर दिसली की नाना कुठे असतील तिथून उठून फाटकात जाऊन उभे राहायचे. आमच्याकडे नको, शेजारीही नको, या सगळ्या ओळीतच नको. दवाईवाल्यांनाही काम टळलेलं बरंच असे. ते चहा पिऊन पुढे जात.

एका उन्हाळ्यात मात्र ते अवघड झालं. मागच्या गल्लीतला मोठा चेंबर फुटला आणि झुरळांची फौजच्या फौज ब्लॉकमध्ये शिरली. स्वयंपाकघरात दिवा लावला की ओटा हलतोय असं वाटायचं. तिवारीभाभींच्या पिठाच्या डब्यातून झुरळ निघालं, त्या दिवशी तिवारीजी मस्करी विसरले. संध्याकाळी सगळे पुरुष कडुलिंबाखाली जमले आणि तिवारीजी सरळ म्हणाले, “नानाजी, बहुत हो गई आपकी जीवदया. सोमवार को दवाईवाले आएँगे और सब घरों में छिड़केंगे. आपके घर में भी.”

नाना हात जोडून उभे राहिले. मी त्यांना कुणापुढे असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. पंधरवडा द्या, ते म्हणाले. तेवढ्यात झुरळं गेली नाहीत तर मी स्वतः दवाईवाल्यांना घेऊन येईन.

आणि मग नाना कामाला लागले. कारखान्यातून आल्यावर रोज एकेका घरात. मोऱ्यांच्या तोंडाला बारीक जाळ्या बसवल्या. ओट्याखालच्या फटी, पाइपाभोवतीची भोकं सिमेंटने लिंपली. प्रत्येक घरच्या बाईला विनवून सांगितलं की रात्री खरकटं भांडं सिंकमध्ये ठेवायचं नाही, ओटा कोरडा पुसायचा, कचऱ्याचा डबा बाहेर. झुरळाला विषाची गरज नसते, त्याला जेवण-पाणी मिळालं नाही की ते आपण होऊन बदली मागतं, हा त्यांचा सिद्धांत. फळ्यांवर तमालपत्र कुस्करून ठेवलं. चेंबर दुरुस्त व्हावा म्हणून ते इतक्या वेळा ऑफिसात गेले की तिथला शिपाई त्यांना पाहून स्टूल पुढे करायला लागला.

मी त्यांचा मदतनीस. म्हणजे सिमेंट कालवून द्यायचं आणि चुकून पाण्याची बादली सांडायची. एके संध्याकाळी आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात ओट्याखाली काम करत होतो. बायका सगळ्या बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. नानांनी पाइपाजवळच्या भोकात थापी घातली आणि आतून एक मोठं, तांबडं झुरळ सळसळत निघालं आणि सरळ नानांच्या हातावरून बाहीत शिरलं.

पुढचं मी अजून विसरलो नाही. नाना किंचाळले नाहीत. पण थापी गळून पडली, आणि तो उंच, वाकलेला माणूस एका क्षणात आमच्या जेवणाच्या टेबलावर उभा होता. शर्टाची बटणं तुटली होती. झुरळ केव्हाच उडून गेलं होतं, तरी ते दंड झटकत होते, पुन्हा पुन्हा. चेहरा पांढराफटक. मी हात धरून त्यांना खाली उतरवलं, खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

“नाना, तुम्हाला झुरळाची…”

“सगळ्याची,” ते म्हणाले. “अळी, झुरळ, मुंगळा. लहानपणापासून किळस येते, भाऊ. अंगावर काटा येते. त्या पत्रिका काहून ठेवतो मग? हात लावायची हिंमतच नाही.”

“मग हे सगळं कशासाठी करून राहिलात?” माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

बाहेरून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, आणि मधूनच काकूंचा खोकला. नानांनी त्या दिशेने मान वळवली. काकूंचं माहेर भोपाळातच, जुन्या शहरात, स्टेशनच्या बाजूला. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्या माहेरी गेल्या होत्या. नानांनी एवढंच सांगितलं, आणि एवढं सांगितलं की भोपाळात पुढचं कुणी विचारत नाही.

“तेव्हापासून फवाऱ्याचा वास आला की तिचा श्वास अडकते,” नाना हळू आवाजात म्हणाले. “आता हे लोकांना सांगितलं तर लोक ऐकतील. लोक चांगले आहेत. पण मग डबा उघडला अन् झुरळ निघालं की प्रत्येक बाई तिच्याकडे पाह्यन. आपल्यापायी सगळ्यांना त्रास, असं तिला रोज वाटन. ती तर बाहेर ओट्यावर बसायचीच नाही मग. त्यापेक्षा वैरागडे येडा आहे, त्याला किडे आवडतात, असं म्हटलेलं काय वाईट आहे?” आणि थोड्या वेळाने, “तिला यातलं काही माहीत नाही. तिलाही वाटते मला आवडतात. बोलू नका.”

मी बोललो नाही. घरीही नाही. माझ्यासारख्या, मावा आल्याची बातमी सगळ्या ब्लॉकला देणाऱ्या माणसाच्या पोटात ही गोष्ट इतकी वर्षं राहिली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

झुरळं हटली. सगळी नाहीत, पण पंधरवड्याच्या शेवटी तिवारीभाभींनी त्यांचा डबा उघडून सगळ्यांना दाखवला आणि त्यात फक्त पीठ होतं. दवाईवाले आले नाहीत. नानांना त्या विजयाने थोडी धुंदी चढली असावी, नाहीतर ते मिरचीच्या वाटेला गेले नसते.

झालं असं की काकूंच्या पूजेच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. पांढरा, कापसासारखा, साबणाच्या पाण्याने हटेना. नानांनी कुठेतरी ऐकलं होतं की लसूण आणि लाल मिरची उकळून, गाळून, त्यात साबण घालून फवारलं की तो जातो. त्यांनी मिरची आणली ती चांगली झणझणीत. हा काढा अंगणात उकळला आणि हातपंपात भरला. सगळा ब्लॉक तमाशा बघायला आला. तिवारीजी म्हणाले, “नानाजी, इसमें थोड़े आलू डाल देते तो सब्जी हो जाती.”

नानांनी पंप मारला, आणि तेवढ्यात वारा फिरला.

सगळ्या ब्लॉकला ठसका लागला. मुलं शिंकायला लागली, तिवारीजी डोळे चोळत गोल गोल फिरायला लागले आणि सगळे हसत होते, खोकत होते, पुन्हा हसत होते. मीही त्यातच. डोळ्यांत पाणी असलं तरी मला एवढं दिसलं की नानांनी पंप टाकला आणि ते धावले. वाकलेले नाना सरळ झाले होते. त्यांनी बाहेरून खिडकी लावली, मग आत गेले, आणि हळूहळू एकेकाचं हसणं थांबलं. कारण आमचे सगळ्यांचे ठसके संपले तरी आतला एक खोकला संपत नव्हता. तो खोकल्यासारखा राहिलाच नव्हता. कुणीतरी बंद दारावर आतून धक्के मारावेत तसा आवाज होता.

आमची ही आणि तिवारीभाभी आत धावल्या. मी दारापर्यंत गेलो. काकू पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसल्या होत्या. नाना जमिनीवर गुडघ्यांवर बसून ओला पंचा त्यांच्या नाकातोंडाशी धरत होते आणि एकसारखं म्हणत होते, “घे, श्वास घे, झालं, गेलं, घे.” तिवारीजींनी गाडी काढली आणि काकूंना टाउनशिपच्या दवाखान्यात नेलं.

दोन दिवसांनी काकू घरी आल्या. खिडकीत बसल्या, विणायला लागल्या. नाना मात्र कितीतरी दिवस बागेत उतरले नाहीत. पुढे उतरले तेव्हा त्यांनी तो पंप फोडून टाकला होता. जास्वंदीचा पिठ्या ढेकूण ते ओल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पान धरून पुसत. बोळा चिमट्यात धरलेला, मान एका बाजूला वळवलेली. मी ते पाहायचो आणि मला ते पाहवत नसे.

तिवारीजींनी त्यानंतर दवाईवाल्यांचं नाव काढलं नाही. अनाथालयाची चेष्टा मात्र सोडली नाही. उलट आवाज जरा वाढवला, खिडकीपर्यंत सहज पोचेल इतका. “भाभीजी, आपके आदमी ने आज फिर एक कॉकरोच को गोद ले लिया.” आणि काकू खिडकीतून हसायच्या.

काकू गेल्या त्या बऱ्याच वर्षांनंतर, झोपेत, शांतपणे. नानांच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते. तेरावा होऊन गेल्यावर एका सकाळी वळणावर दवाईवाल्यांची सायकल दिसली. मी नानांकडे पाहिलं. ते व्हरांड्यात बसले होते. उठायचं कारण आता उरलं नव्हतं, आणि ते उठले नाहीत. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि तसेच बसून राहिले.

तेव्हा पलीकडच्या फाटकाचा आवाज झाला. तिवारीजी लुंगी सावरत रस्त्यावर गेले.

“यहाँ नहीं,” ते म्हणाले. “इस लाइन में नहीं होता. हमारे यहाँ कीड़े पाले जाते हैं.”

दवाईवाले चहा पिऊन पुढे गेले.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं. नाना मुलीकडे नागपूरला निघाले. सामान फार नव्हतंच; एका लहान टेम्पोत सगळा संसार बसला. सकाळची वेळ होती. रात्री थोडा पाऊस होऊन गेला होता, आणि सगळी टाउनशिप, रस्ते, पाण्याची टाकी, मेंदीची कुंपणं, काचेतून पाहावीत तशी स्वच्छ आणि जरा दूरची वाटत होती. पहिल्या पाळीच्या सायकली निघून गेल्या होत्या. नाना शेवटचं म्हणून बागेतून एक चक्कर मारत होते. मी त्यांना बोलवायला गेलो आणि कुंपणापाशीच थांबलो.

कढीपत्त्यावर एक अळी होती. हिरवीगार, बोटाएवढी, जाड. नाना तिच्यापुढे उभे होते. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. पत्रिका होती, तिचा सोनेरी काठ मला दिसत होता. पण त्यांनी ती काढली नाही. त्यांनी उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि पानाला टेकवलं. अळी आधी थबकली, मग डोकं हलवत त्या बोटावर चढायला लागली. नानांनी डोळे घट्ट मिटले. खांदे वर चढले होते, दुसऱ्या हाताची मूठ वळली होती आणि ओठ हलत होते. तसेच, डोळे मिटून, एवढ्या वर्षांच्या सवयीची वाट पायांनी चाचपत, ते एकेक पाऊल टाकत लिंबापर्यंत गेले. पानाला बोट लावून उभे राहिले. अळीला घाई नव्हती. ती उतरली तेव्हा नानांनी डोळे उघडले आणि समोरच्या खिडकीकडे पाहिलं. ती बंद होती.

मग ते नळाखाली हात धुवायला गेले. खूप वेळ धूत होते.

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. रात्री झोपताना मला राहवलं नाही आणि मी आमच्या हिला सगळं सांगितलं. ओट्याखालचं झुरळ, टेबलावर चढलेले नाना, पत्रिकांचं खरं कारण, आणि काकूंना हे कधी कळू नये म्हणून त्यांनी जन्मभर किड्यांचा लळा कसा मिरवला ते. सकाळची अळीही सांगितली.

ती पलंगाभोवती फिरत मच्छरदाणीची कड गादीखाली खोचत होती. हात न थांबवता म्हणाली, “काकूंना ठाऊक होतं ते. आपण राहायला आलो त्याच वर्षी मला म्हणाल्या होत्या. यांना किड्यांची भयंकर किळस येते. पण मला माहीत नाही असं त्यांना वाटतंय, तर वाटू दे, त्यांना तेवढंच बरं वाटतं.”

मी छताकडे पाहत पडून राहिलो. जाळीपलीकडे, ट्यूबलाइटशेजारी, रात्रपाळीची पाल नुकतीच कामावर आली होती.

शेवटची कड खोचून ती आत आली आणि दिवा मालवता मालवता म्हणाली, “आणि आपल्याकडे तरी डास कधी होते?”